डॉ. विक्रम साराभाई : विश्वकिरणांचा साक्षेपी अभ्यासक

माहीमच्या एखाद्या उपाश्रयात श्रावक सामायिक घेऊन बसतो, तेव्हा त्या ४८ मिनिटांच्या अवधीत त्याच्या कटासनाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सरासरी पन्नासेक सूक्ष्म कण आरपार निघून जातात. वरचे छप्पर, मधले मजले, स्वतः श्रावकाचा देह, कशानेही त्यांची वाट अडत नाही. अंतराळातून येणारे अतिवेगवान कण वातावरणाच्या उंच थरांत हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्या आघातांतून हे कण जन्म घेतात. आज त्यांना म्यूऑन म्हणतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांना मेसॉन म्हणत. ज्या मूळ किरणांपासून ते निर्माण होतात, त्या विश्वकिरणांच्या अभ्यासाला आपल्या समाजातील एका थोर पुरुषाने वयाच्या विशीतच वाहून घेतले होते.

डॉ. विक्रम साराभाई हे नाव उच्चारताच रॉकेट, उपग्रह आणि इस्रो डोळ्यांपुढे येतात. ते योग्यच आहे. परंतु अवकाश कार्यक्रमाचे जनक होण्यापूर्वी, आणि झाल्यानंतरही, ते मूलतः विश्वकिरणांची मोजणी करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आयुष्याची ही बाजू गौरवग्रंथांत एका ओळीत आटोपली जाते, म्हणून येथे तिच्यावरच अधिक भर दिला आहे.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या श्रीमाळी जैन घराण्यात झाला. वडील अंबालाल कॅलिको मिलचे मालक, आई सरलादेवी. आठ भावंडांचे ते घर. जन्माच्या आदल्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध लढा झाला होता. त्यात गिरणीमालकांच्या बाजूने अंबालाल उभे होते, तर कामगारांच्या बाजूने गांधीजींसमवेत उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. याच अनसूयाबेन वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या होत्या. पण त्या अभ्यासात प्राण्यांचे विच्छेदन करावे लागते हे जैन संस्कारांना न पटल्याने त्यांनी ती वाट सोडून दिली. घरात असा तीव्र मतभेद असूनही भाऊ-बहिणीचे नाते तुटले नाही. एकाच छताखाली दोन विरोधी बाजू आदराने नांदू शकतात, हे विक्रमभाईंना कोणत्याही ग्रंथात वाचावे लागले नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी अंबालाल व सरलादेवी यांनी शाहीबाग येथील आपल्या ‘रिट्रीट’ या निवासस्थानीच शाळा चालवली. पुढे गुजरात कॉलेजात काही काळ शिकून विक्रमभाई केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १९४० मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस पूर्ण केली. दुसरे महायुद्ध पेटले होते. केंब्रिजमध्ये संशोधन सुरू ठेवणे अशक्य झाल्याने ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. युद्धामुळेच भारतात अडकून पडलेले होमी भाभाही तेव्हा तेथेच होते व त्यांचाही विषय विश्वकिरण हाच होता. पुढे एकाच आसनावर एकामागून एक बसणारे हे दोन पुरुष अशा रीतीने तरुणपणीच एका संस्थेत एकत्र आले.

विक्रमभाईंच्या कामाचे मर्म समजून घ्यायचे तर त्यांच्या उपकरणाकडे थोडे थांबून पाहावे लागेल. गायगर नळी ही धातूची एक पोकळ नळी असते. तिच्यात कमी दाबाचा वायू भरलेला असतो आणि मधोमध एक बारीक तार ताणलेली असते. तार व नळी यांच्यात सुमारे हजार व्होल्टचा विद्युतदाब ठेवतात. एखादा कण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेकडे धावताना आणखी असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि तारेवर विजेचा एक स्पंद उमटतो. हा स्पंद मोजला की एक कण मोजला गेला.

अडचण अशी की ही नळी आल्यागेल्या प्रत्येकाला सारखेच ओळखते. भिंतीची वीट, जमिनीतील खडक, खुद्द नळीचा धातू या सर्वांत किंचित किरणोत्सर्ग असतोच, आणि त्यानेही नळी वाजते. मग अंतराळाच्या कृपेने आलेला कण कोणता आणि विटेतून निघालेला कोणता, हे कसे ठरवावे? यावरचा उपाय जर्मनीत वाल्थर बोथे यांनी दाखवला आणि १९३० मध्ये इटलीच्या तरुण ब्रूनो रॉसींनी त्याला पूर्णत्व दिले. तीन नळ्या एकीखाली एक अशा ठेवायच्या. विटेतला अशक्त कण एका नळीतच थबकतो. विश्वकिरणांतील भेदक कण मात्र तिन्ही नळ्या छेदून सरळ खाली जातो. म्हणून तिन्ही नळ्यांनी एकाच क्षणी साक्ष दिली, तरच नोंद घ्यायची.

ही साक्ष तपासणारे रॉसींचे मंडल विलक्षण साधे होते. रेडिओत असत तसे तीन व्हॉल्व्ह एकाच रोधाला जोडलेले; प्रत्येक नळीचा स्पंद आपापल्या व्हॉल्व्हला क्षणभर बंद करतो. तिघांनी आतून धरून ठेवलेले दार असावे तसे हे आहे. एकाने किंवा दोघांनी हात सोडला तरी दार हलत नाही, तिघांनी एकदम सोडला तरच उघडते. आजच्या संगणकातील तर्कमंडलांचे बीज या दारात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

तिसऱ्या साक्षीदाराची गरज काय, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, प्रत्येक नळी सेकंदाला दहा वेळा वाजते आणि सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आत आलेले स्पंद मंडल ‘एकाच क्षणीचे’ मानते. दोनच नळ्या असतील तर निव्वळ योगायोगाने मिनिटाला एखादी खोटी नोंद होईल. तिसरी नळी जोडली की अशी फसगत सुमारे नऊ तासांतून एकदाच होईल. दोन साक्षीदारांत जे साधत नाही, ते तिसरा इतक्या स्वस्तात साधून देतो.

केंब्रिजमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट आणि ज्युसेप्पे ओक्यालिनी यांनी १९३२ मध्ये याच युक्तीला एक नवे काम दिले. मेघकोष्ठ नावाच्या उपकरणात कणाच्या मार्गाचे छायाचित्र घेता येत असे. पण कण केव्हा येणार हे ठाऊक नसल्याने बहुतेक छायाचित्रे कोरीच निघत. त्यांनी मेघकोष्ठाच्या वर व खाली गायगर नळ्या बसवल्या आणि दोन्ही एकाच वेळी वाजल्या तरच छायाचित्र घ्यावे अशी जोडणी केली. जणू कणाने स्वतःच कॅमेऱ्याची कळ दाबावी! बंदुकीचा चाप ओढावा तशी ही क्रिया, म्हणून पुढे तिला ट्रिगर हे नाव रूढ झाले. केव्हा पाहायचे आणि काय सोडून द्यायचे, हा निर्णय मनुष्याच्या हातून यंत्राच्या तर्काकडे गेला तो येथून.

विक्रमभाईंनी बंगळूरला हीच विद्या आत्मसात केली. त्यांचा पहिला शोधनिबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकिरणांचे कालानुसार वितरण हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी विख्यात नर्तिका मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बंगळूरप्रमाणेच पुण्याच्या केंद्रीय वेधशाळेतही त्यांनी आपल्या नळ्या मांडून निरीक्षणे घेतली आणि १९४३ मध्ये काश्मीरमधील अफरवत पर्वतावर उपकरणे नेली. उंचीनुसार व अक्षांशानुसार किरणांची तीव्रता कशी बदलते, हे त्यांना पाहायचे होते.

याच काळात मेसॉन वेगळे ओळखण्याच्या एका पद्धतीवर त्यांनी निबंध लिहिला. तिचा विचार फार सुंदर आहे. विश्वकिरणांत दोन प्रकारचे प्रवासी असतात. मेसॉन बहुधा एकटा येतो. इलेक्ट्रॉन मात्र थव्याने, म्हणजे वर्षावाच्या रूपाने येतात. आपल्याला मेसॉन मोजायचे असतील तर एक मार्ग म्हणजे नळ्यांच्या मध्ये शिशाचे जाड थर घालून इलेक्ट्रॉनांना अडवणे. दुसरा मार्ग असा की मुख्य नळ्यांच्या बाजूला आणखी नळ्या ठेवायच्या. वरून खाली सर्व नळ्या वाजल्या पण बाजूच्या गप्प राहिल्या, तर आलेला कण एकटा होता, तो मोजायचा. बाजूच्या नळ्याही त्याच क्षणी वाजल्या, तर तो थवा होता, तो वगळायचा. एका साक्षीने प्रवेश आणि दुसऱ्या साक्षीने नकार, अशी ही रचना आहे. आजच्या प्रचंड कणशोधकांतील ट्रिगर याच दोन क्रियांवर, ‘हे आणि ते’ व ‘हे पण ते नाही’ यांवर, उभा असतो.

नकाराचा हा अधिकार जपून वापरावा लागतो, हे सांगायला हवे. एकदा वगळलेला कण पुन्हा भेटत नाही. नियम फार सैल ठेवला तर नोंदवहीत कचरा भरतो आणि फार कडक ठेवला तर नेमका हवा तोच कण हातून जातो, आणि तो गेल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून मोजणीदाराची खरी परीक्षा नळी बनवण्यात नसून नियम ठरवण्यात असते.

युद्ध संपल्यावर विक्रमभाई पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्णकटिबंधातील विश्वकिरणांवरील प्रबंधासाठी १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. परत येताच, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी ११ नोव्हेंबर १९४७ रोजी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटच्या काही खोल्यांत तिचा संसार मांडला गेला. संचालकपदासाठी त्यांनी स्वतःचे नाव पुढे केले नाही. पुण्याच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या, वयाने व अनुभवाने ज्येष्ठ अशा प्रा. के. आर. रामनाथन यांना त्यांनी पाचारण केले. संस्थापकाने आपल्याच संस्थेत दुसऱ्याच्या हाताखाली बसावे, हे आपल्याकडे, न्यासांतही, क्वचितच पाहायला मिळते. प्रयोगशाळेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन १९५४ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

येथे विक्रमभाईंनी जो प्रश्न हाती घेतला, तो अत्यंत चिवट होता. दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी विश्वकिरणांच्या संख्येत किंचित चढउतार होतो. शेकडा अर्ध्याहूनही कमी. हा चढउतार सूर्यामुळे होतो का, आणि होत असेल तर कसा? हवेचा दाब बदलला की संख्या बदलते, वरच्या थरांचे तापमान बदलले की बदलते, विजेचा दाब हलला की उपकरण स्वतःच बहकते. या सर्वांचे हिशेब वजा करून जे उरेल ते सूर्याचे. रामनाथन यांच्यासारखा वातावरणाचा जाणकार शेजारी असणे किती मोलाचे होते, हे यावरून ध्यानात येईल.

शिवाय मोजणीचा एक अटळ नियम आहे. दहा हजार कण मोजले तर उत्तरात शेकडा एकाची अनिश्चितता राहते. ती दशांशावर आणायची तर दहा लाख कण मोजावे लागतात. तासाला सहा हजार कण मोजणारे उपकरण धरले, तर दिवसातील एकेका तासासाठी दहा लाखांचा आकडा गाठायला साडेपाच महिने अखंड मोजणी हवी. सूर्याच्या डागांचे चक्र तर अकरा वर्षांचे. म्हणजे विद्यार्थी येऊन, पदवी घेऊन गेला, तरी नळ्या चालूच राहिल्या पाहिजेत. अहमदाबाद, कोडाईकनाल, तिरुवनंतपुरम आणि गुलमर्ग अशा ठिकाणी ही मोजणी चालू राहिली. आकाशाच्या ठराविक दिशांकडेच रोखलेल्या, अरुंद कोनाच्या दुर्बिणी बनवल्या गेल्या. त्यांना काच नव्हती. नळ्यांची मांडणी आणि एकत्र साक्षीचा नियम हीच त्यांची भिंगे होती.

या मोजणीतून माणसे घडली. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस याच प्रयोगशाळेत विश्वकिरणांचा अभ्यास करून पुढे अवकाश कार्यक्रमात विक्रमभाईंचे निकटचे सहकारी झाले. शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये ते पुण्यात निवर्तले. उडुपीकडचे यू. आर. राव यांनी विक्रमभाईंच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर डॉक्टरेट मिळवली आणि १९७५ मध्ये आर्यभट या पहिल्या भारतीय उपग्रहाची उभारणी त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली.

जमिनीवर दिसणारा तो अर्ध्या टक्क्याचा चढउतार ग्रहांमधल्या अवकाशातील चुंबकीय क्षेत्राची कहाणी सांगतो, हे जसजसे उलगडत गेले, तसतसे उपकरण वातावरणाच्या वर नेण्याची निकड वाटू लागली. विक्रमभाईंचा अवकाश कार्यक्रम असा त्यांच्या विज्ञानातून उगवला. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. चुंबकीय विषुववृत्ताजवळचे केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले, तेथील ख्रिस्ती बांधवांनी आपले चर्च विज्ञानासाठी मोकळे करून दिले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. वस्त्रोद्योग संशोधनाची अटिरा, अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, मृणालिनीबेनसह उभारलेली दर्पण अकादमी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी स्थापन झालेली इस्रो, ही यादी वाचकांना परिचित आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील विमान अपघातात होमी भाभांचे निधन झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात विक्रमभाईंनी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि त्यांचा मुंबईशी रोजचा संबंध सुरू झाला. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, तिरुवनंतपुरम असा त्यांचा प्रवास अव्याहत चाले.

अध्यक्ष होताच त्यांना आयुष्यातील बहुधा सर्वांत अवघड निर्णयाला सामोरे जावे लागले. चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केला होता. भारतानेही बॉम्ब करावा अशी मागणी जोरात होती आणि भाभांच्या काळात भूगर्भीय स्फोटाचा अभ्यास सुरू झाला होता. विक्रमभाईंनी तो थांबवला. केवळ एक स्फोट केल्याने देश सुरक्षित होत नाही, त्यामागे फार मोठी यंत्रणा व खर्च लागतो आणि गरीब देशाने तो पैसा कोठे वापरावा याचा विचार केला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. संसदेत, वृत्तपत्रांत आणि तुर्भ्याच्या काही सहकाऱ्यांतही त्यांच्यावर टीका झाली. जैन वाचकाला येथे अहिंसेचा संस्कार दिसणे स्वाभाविक आहे आणि तो असणारही. परंतु विक्रमभाईंनी जाहीरपणे मांडले ते अर्थशास्त्र व संरक्षणनीतीचे मुद्दे होते. त्यांच्या निर्णयाचे सारे श्रेय जन्माने मिळालेल्या धर्माला देणे हा त्यांच्या स्वतंत्र बुद्धीवर अन्याय होईल. पुढे देशाची वाट बदलली आणि १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, तो पाहायला ते हयात नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीत उणिवा नव्हत्या असे नाही. अणुऊर्जा आणि अवकाश असे दोन डोंगर एका खांद्यावर पेलताना प्रशासनाचे अनेक धागे सैल राहिले, अशी तक्रार होई. १९७० मध्ये आखलेल्या त्यांच्या दशवार्षिक योजनेतील २,७०० मेगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट १९८० पर्यंत गाठले गेले नाही. याउलट उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याची त्यांची कल्पना १९७५-७६ मध्ये सुमारे २,४०० गावांत प्रत्यक्षात आली. एवढ्या धावपळीतही प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणे त्यांनी सोडले नाही.

३० डिसेंबर १९७१ रोजी पहाटे, थुंब्याच्या कामासाठी आलेले असताना, कोवळम येथील मुक्कामी झोपेतच त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ५२. मरणोत्तर पद्मविभूषण हा सन्मान त्यांना देण्यात आला. चंद्रावरील एका विवराला १९७३ मध्ये त्यांचे नाव मिळाले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे अवतरणयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले.

त्यांच्या तरुणपणीची ती तीन नळ्यांची युक्ती मात्र आता ओळखू न येण्याइतकी वाढली आहे. जिनिव्हाजवळच्या महाकाय कणत्वरकात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना भेटतात. तेथील सीएमएस या शोधकाच्या उभारणीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही हातभार आहे. इतक्या भेटींची नोंद ठेवणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून ट्रिगरचा पहिला टप्पा सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात निर्णय घेऊन त्यांतील सुमारे १ लाख भेटी राखतो आणि दुसरा टप्पा त्यांतून हजाराच्या आसपास. बाकीच्या कायमच्या जातात.

आपल्याच देशात, निलगिरीतील उटी येथे, टाटा संस्थेच्या ग्रेप्स-३ या प्रयोगात म्यूऑन मोजण्याचे काम अहोरात्र चालते. ५६० चौरस मीटर क्षेत्रावर काँक्रीटखाली लोखंडी नळ्यांचे चार थर रचलेले आहेत, एक थर आडवा तर पुढचा उभा. २२ जून २०१५ रोजी सूर्याकडून आलेल्या वादळाने पृथ्वीचे चुंबकीय कवच हादरले, तेव्हा सुमारे दोन तास म्यूऑनांची संख्या वाढल्याचे याच नळ्यांनी नोंदवले. चारही थरांनी एकाच क्षणी साक्ष दिली, तरच तेथे कण मोजला जातो.